सवतीचा टाक

उन्हाळ्यातल्या उतरत्या दुपारी कल्याणच्या खाडीवरून खारट वारा सुटला, की शेजारच्या माजघरात टांगलेली आसामी रेशमाची सोनसळी वस्त्रं एकदम फुगायची आणि त्यांच्या आडून यमुना पाऊल न वाजवता निघून जायची. पायांत जोडवी असून आवाज कसा येत नसे, देव जाणे. कशाला धक्का लागू नये, कुणाची झोप मोडू नये, असं त्या घरातलं तिचं वावरणं. खरं तर दुपारी झोपायला तिथे कुणीच नसायचं.

घर अप्पासाहेबांचं. तरुणपणी ते तारखात्याच्या नोकरीत आसामात होते, तिथूनच त्यांनी मालतीला लग्न करून आणलं, आणि थोड्याच वर्षांत ती तापाने गेली. मग त्यांनी सगळं घरच तिच्या मुलखाच्या स्मरणात बुडवून टाकलं: तिचा हातमाग, त्यावरचं अर्धं राहिलेलं कापड, खाली उंच पाय असलेली काशाची तबकं, ताडपानांची भली रुंद टोपी. ठाण्याहून वकील, मामलेदार आगगाडीने हे ‘आसामचं घर’ पाहायला येत. अप्पासाहेब एकेका वस्तूपाशी थांबून हळुवार बोलत राहत, आणि यमुना, त्यांची दुसरी बायको, मागे उभी राहून पाणी देई.

दुसरेपणावर दिलेल्या मुलीने गेलेल्या सवतीचा टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर घडवलेली तिची प्रतिमा, गळ्यात घालायची, म्हणजे ती बाधत नाही, ही आपल्याकडची रीत. मालतीची तसबीर कुठे होती? सोनाराने तिला कधी पाहिलेलं नव्हतं, आणि अप्पासाहेब चेहरा सांगायला लागले की त्यांना हुंदकाच फुटे. बिचारा सोनार तरी काय करणार? समोर खाली मान घालून बसलेल्या नव्या नवरीकडे बघत बघत त्याने टाक घडवला. मालतीला मी पाहिलं होतं. कपाळ रुंद, हसली की डोळे मिटायचे. टाकावरचा चेहरा लांबट, हनुवटीला खळी. धडधडीत यमुना होती ती.

“बघ गं, सवतीच्या नावाने मीच माझ्या गळ्यात लोंबतेय,” विहिरीवर ती मला म्हणाली आणि खळाळून हसली. तेव्हा नवी होती, हसू शकत होती.

दिवेलागणीला अप्पासाहेब तिच्यासमोर पाट घेऊन बसत, टाकाला फूल वाहत आणि त्याच्याशी बोलत. “मालती, आज भरतीचं पाणी फार वर चढलंय.” नजर गळ्याच्या वर कधी जात नसे. टाक हलू नये म्हणून यमुना श्वास आवरून बसायची. एकदा खिडकीतून मी ते पाहिलं आणि अंगावर सरसरून काटा आला. समईच्या उजेडात तेवढी चांदी उजळलेली, वरचा चेहरा अंधारात बुडालेला. बोलणारा जिवंत, ऐकणारी मेलेली, आणि मध्ये बसलेली कोण, ते मला सांगता येईना. त्या माणसाचा असा संताप आला, आणि मेली दयाही आली.

“एकदा वर बघावं त्यांनी,” यमुना म्हणायची. “माझं एवढंच मागणं आहे.”

भाद्रपदात ती हिवतापाने आडवी झाली. मी उशाशी होते. भर दुपारी तिने गळ्यातून टाक काढला, आपल्या गालाला लावून धरला आणि नवऱ्याला म्हणाली, “नीट बघा ना. कोण आहे ही?” अप्पासाहेबांनी खिडकी सताड उघडली. उजेड दोन्ही चेहऱ्यांवर सारखाच पडला. ते खाली वाकले, कितीतरी वेळ चांदीकडे बघत राहिले.

“मालती,” ते फार मायेने म्हणाले.

यमुनेने डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी ती गेली.

आता तो टाक मागाशेजारी लाल मखमलीवर ठेवलेला असतो आणि पाहुणे वाकून वाकून बघतात. अप्पासाहेब थकलेत, मालतीचा खरा चेहरा त्यांच्या आठवणीतून केव्हाच पुसला गेलाय, आणि चांदीतल्या खळीवर बोट ठेवून ते सांगतात, ही तिची ओळख. खरं काय ते एकदा तोंडावर सांगायचं, असं ठरवून मी कितीदा तरी तो उंबरा ओलांडला, आणि कितीदा तरी पाणी पिऊन परत आले. कारण मी सांगितलं, तर ते तो टाक तिथून उचलतील. आणि काळाने त्या दोघींना नेलंच आहे, मग त्या घरात एकीचाही चेहरा उरायचा नाही.