मी फक्त दहाचा नट ओळखतो

मी एक जुना दहाचा पाना आहे. अंगावर ग्रीसचे डाग, कडेला गंज. पण मित्रांनो, माझा रुबाब विचारूच नका! लालबुंद लोखंड साच्यात ठोकून मला घडवलं आणि काळेवाडीतल्या इम्तियाजभाईंच्या गॅरेजात मी कामाला लागलो. दहाच्या, म्हणजे दहा मिलिमीटरच्या नटावर मी घट्ट बसतो. आठच्या नटावर नुसताच फिरतो, बाराच्यावर तर चढतही नाही. "हा डोळे मिटून नट ओळखतो," इम्तियाजभाई कौतुकानं म्हणायचे. पुढे हवेच्या दाबावर नट खोलणारी गन आली आणि मी पेटीच्या तळाला गेलो.

यंदा त्यांच्या लेकीनं, दहावीतल्या कशफनं, मला वर काढलं. विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं बाइकच्या जुन्या चेनचा डीएनए केला होता. त्यावर बहुतेक आठचे नट, मध्येच काही दहाचे.

"अब्बा, डीएनएची अक्षरं बदलत नाहीत. काहींवर फक्त मिथाइलची छोटी खूण चढते. एक प्रथिन ती खूण ओळखून नेमकं तिथंच बसतं, मग तिथला जनुक बहुतेक वेळा गप्प होतो. आठचा नट म्हणजे साधं अक्षर, दहाचा म्हणजे खूण चढलेलं आणि हा पाना म्हणजे ते प्रथिन!"

"हा गंजका? शाळेत माझी इज्जत काढतेस काय, बेटा?" त्यांनी मला खिशात टाकलं आणि तिला नवाकोरा स्क्रू पाना दिला. त्याचं चाक फिरवलं की तोंड हवं तेवढं उघडतं. अब्बांनी एवढ्या हौसेनं आणलेला; कशफला नाही म्हणवेना.

आकुर्डीच्या प्रदर्शनातून एकच प्रयोग जिल्ह्याला जाणार होता. कशफ दोन वर्षं थोडक्यात हुकली होती. इम्तियाजभाईही सोबत आले होते आणि मी अजून त्यांच्या खिशातच होतो. परीक्षक मॅडमनी स्क्रू पाना दहाच्या नटावर बसवला, चाक फिरवून आठच्यावरही बसवला.

"हा तर कुणालाही मिठी मारतो गं! मग तुझं प्रथिन ओळखतं काय?"

कशफचं तोंड एवढंसं झालं. मग ती गर्रकन वळली. "अब्बा, खिशातला द्या!"

"मॅडम, जरा घाण आहे हां," म्हणत इम्तियाजभाईंनी मला पुढे केलं.

कशफनं मला चेनवरून नेलं. आठ, सैल. आठ, सैल. दहा... आणि मी गच्च बसलो! "असं ओळखतं, मॅडम. खुणेला बसेल असा आकार त्या प्रथिनाच्या अंगातच असतो."

मॅडमनी स्वतः दोनदा करून पाहिलं आणि जिल्ह्याच्या यादीत कशफचं नाव लिहिलं. "तिथंही हाच गंजका आण!" इम्तियाजभाईंनी मला स्वतःच्या रुमालानं पुसलं.

मित्रांनो, एकच मागणं आहे. हातोडी सापडली नाही म्हणून पान्यानं खिळे ठोकू नका. कशफ सांगते, त्या प्रथिनाचा आकार जरा बिघडला तरी खूण समोर असून त्याला ती धरता येत नाही. माझंही तसंच आहे. तोंड वाकलं, की मी नुसता लोखंडाचा तुकडा.