बिनविरोध

उमेदवारीचा अर्ज भरायची मुदत तीन वाजेपर्यंत होती आणि अडीच वाजता माणिकरावांना कळलं की कडूबाईला कोंडून ठेवलंय.

सांगायला आली तिची सासू, बायनाबाई. चारठाण्याकडच्या त्या गावात माणिकरावांच्या ओसरीसमोर बाईमाणूस आवाज चढवून बोललं, असं कधी झालं नव्हतं. "मालक, तुमच्या पुतण्यानं माज्या सुनंला सरकीच्या कोठीत घातलंय. बाहेरून कुलूप हाय. तुमी सांगितलं का त्याला?"

माणिकराव उठले, पायताण घातलं आणि चालू लागले.

बावन्न साली ते हैदराबादच्या विधानसभेत निवडून गेले होते. तिथं त्यांनी कुळकायद्याला विरोध केला, गावोगावच्या मतपेट्यांना विरोध केला. कायद्यानं गावात यावं ते हळू, दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकावं तसं, असं ते भाषणात म्हणाले होते. कायदा झाल्यावर मात्र तो पाळलाच पाहिजे, हेही त्यांनीच बजावलं होतं. आता एकोणसाठ साल. नव्या ग्रामपंचायतीची पहिली निवडणूक. मतदानानं गाव फुटतं, सात जागा बिनविरोध करू, असं त्यांनी चावडीत सांगितलं आणि सगळ्यांनी माना हलवल्या. सात नावं त्यांनीच ठरवली. त्यात एक स्वतःचं, एक पुतण्या बन्सीधरचं.

कडूबाईनं मान हलवली नव्हती. बन्सीधरच्या जागेवर ती अर्ज भरणार होती. तिच्या चार म्हशी गायरानात चरायच्या. ते गायरान दोन वर्षांत निम्मं नांगरलं गेलं होतं. दोनदा ती माणिकरावांकडं आली, दोनदा ते "बघू" म्हणाले.

कोठीसमोर बन्सीधर आणि चार गडी काठ्या घेऊन उभे होते.

"कुलूप काढ."

"तीन वाजू द्या, काका. मग काढतो. तिला बोट लावलं न्हाई कुणी."

"काढ म्हणतो ना."

"तुमीच म्हणलात, मतदानानं गाव फुटतं."

"म्हणलो. कोंडा म्हणलो न्हाई."

बन्सीधर जवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "मग बिनविरोध कसं व्हायचं होतं, काका? तिला हात जोडून? आजवर चावडीत सगळ्यांनी माना हलवल्या, त्या काय तुमच्या तोंडाकडं बघून?"

तीस वर्षं माणिकराव गावाच्या एकमताचा अभिमान सांगत आले होते. चावडीत यायच्या आधी कुणाकुणाच्या दारात कोण जाऊन यायचं, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. कोठीच्या आतून कडूबाईनं दारावर एकदाच थाप मारली.

"मी शाळेत निवडणुकीच्या साहेबाकडं चाललो," ते म्हणाले. "तुजं नाव लिहून देतो. खाली माजं दस्तखत. कोर्टात साक्षीला पण मीच येईन."

"सख्ख्या पुतण्याच्या विरोधात?"

"कुलूप काढतोस का जाऊ?"

गडी एकमेकांकडं बघायला लागले. बन्सीधरनं किल्ली कंबरेची काढली आणि हातात न देता धुळीत टाकली. साठीचा म्हातारा सगळ्यांदेखत वाकला आणि त्यानं ती उचलली.

कडूबाई बाहेर आली ती डोक्याला, लुगड्याला सरकी चिकटलेली. तिनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ शाळेकडं निघाली. माणिकराव मागून.

शाळेत तालुक्याहून आलेले निवडणूक अधिकारी घड्याळ समोर ठेवून बसले होते. तीनला सात मिनिटं कमी. कडूबाईनं पोलक्यातून अर्ज काढला. चुरगळलेला होता, पण फाटला नव्हता.

"सूचकाची सही कुठंय?"

"शेजारचा चंद्रभान करणार होता. त्याला शेताकडं धाडलंय बन्सीधरच्या मानसांनी."

"सूचक पाहिजेच. गावातला कुणीही मतदार चालेल."

दारात पंधरा-वीस माणसं जमली होती. एकही पुढं येईना. कडूबाईच्या घरात दोघीच, आणि बायनाबाईचं नाव मतदारयादीत नव्हतं. कडूबाई एकेकाच्या तोंडाकडं बघत गेली आणि एकेकानं नजर खाली घातली. बन्सीधर दारात येऊन उभा राहिला होता.

माणिकरावांनी टेबलावरचा टाक उचलला. "साहेब, ही बाई मला पंचायतीत नको हाय. हे आदी लिहून घ्या पाहिजे तर." मग त्यांनी सही केली. "माजं मत तुला न्हाई, कडू."

"मागितलंय कुणी?" ती म्हणाली.

मतदान झालं. कडूबाई बन्सीधरपेक्षा अकरा मतांनी जास्त आली. गाव फुटलं, माणिकराव म्हणाले होते तसंच, आणि पहिली भेग त्यांच्याच घरात पडली. भावानं जेवणखाण, येणंजाणं बंद केलं. बन्सीधरची बायको दैवशाला, जिचं लग्न माणिकरावांनीच जमवलं होतं, ती वाटेत दिसली की तोंड फिरवायची. जिंतूरहून पक्षाची माणसं आली, हळहळली. "तुमचं मत बदललं म्हणायचं का, माणिकराव?"

"न्हाई," ते म्हणाले. "मत तेच हाय."

पंचायतीच्या पहिल्या बैठकीत ते सरपंच म्हणून बसले. कडूबाई दाराजवळ, बाकीच्या सहाजणांपासून हातभर लांब. कामकाज सुरू व्हायच्या आतच तिनं गायरानाचं काढलं.

"आदी मोजणी करावी लागंल," माणिकराव म्हणाले. "बघू."

"बघू नका," कडूबाई म्हणाली. "तारीख सांगा."

माणिकरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पंचांग मागवलं.