आबांचा मकाव

बारामतीत एसटी स्टँडजवळ माझं फ्लेक्सचं दुकान आहे, त्यामुळं माणसाच्या तोंडाचं मला कसलंही कौतुक उरलेलं नाही. दिवसभर मी तोंडंच कापत असतो. वाढदिवस असो, कुणाची निवड असो नाहीतर बैलाचा पहिला नंबर असो, मधे एक मोठं तोंड आणि खाली शुभेच्छुकांची बारकी बारकी तोंडं. कुणाचं तोंड कुणाच्या वर लागलं यावरून सख्खे भाऊ बोलायचे बंद झालेले मी पाहिलेत. लग्नाचा फ्लेक्स आला की मी आधी चहा मागवतो आणि मग कॉम्प्युटरला हात लावतो.

म्हणून स्वरूपा पेनड्राइव्ह घेऊन आली आणि म्हणाली, "माऊली, माझ्या लग्नात स्टेजच्या मागं एकही फोटो नको," तेव्हा मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

स्वरूपा पिंपळीची. शाळेत माझ्याच वर्गात होती. पुढं पुण्याला चित्रकला शिकली आणि आता इंदापूरला एका शाळेत पोरांना चित्रकला शिकवते. तिनं आणलेलं चित्र एकोणिसाव्या शतकातलं होतं. कुणी एक गोरी बाई बोटीत बसून दक्षिण अमेरिकेला गेली, तिथल्या जंगलात डास मारत बसली आणि तिनं हे रंगवलं. फुलं पुरणपोळीएवढी. वरच्या फांदीवर लांब शेपटीचा तांबडा, निळा, पिवळा मकाव, म्हणजे आपल्या पोपटाचा श्रीमंत पाहुणा. त्याच्या खाली केळ्याएवढ्या चोचीचा टुकान. फुलापाशी हवेतच थांबलेले दोन इवलेसे हमिंगबर्ड. आणि अगदी तळाला, पानाआड, एक तपकिरी पक्षी, जो मला दुसऱ्यांदा बघितल्यावर दिसला.

"कॉलेजात पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी जेवायची विसरले होते," स्वरूपा म्हणाली. "लग्नात माझ्या मागं हेच पाहिजे. आहे तसं."

चित्र मलाही आवडलं. माझ्या मशीनमधून आजवर निघालेलं प्रत्येक तोंड काहीतरी मागायला आलेलं होतं. हे पक्षी काहीच मागत नव्हते.

अडचण गेणबा आबांची होती. आबा म्हणजे स्वरूपाचे थोरले चुलते. तिचे वडील ती बालवाडीत असतानाच गेले, तेव्हापासून आबांनी आणि कुशाबाई काकूंनी तिला वाढवलं. आबा तिला एम-एटी स्कूटरवर पुढं उभी करून शाळेत आणून सोडायचे. पोरीला चित्रं शिकवून काय मिळणार, असं भावकीनं विचारलं तेव्हा आबा म्हणाले होते, "रंगच सांडंल, दुसरं काय करंल?" आणि तिला पुण्याला पाठवलं होतं. कन्यादान तेच करणार होते. त्यांच्याशिवाय बोहल्यावर उभं राहायची कल्पनाच स्वरूपाला करता येत नव्हती.

आणि पिंपळीत आबांच्या फोटोशिवाय एकही फ्लेक्स लागत नाही. फोटो कायम तोच, केस काळे असतानाचा, काळा गॉगल घातलेला. पोरीच्याच लग्नात आपलं तोंड नाही हे कळल्यावर आबा भिंतीकडं तोंड करून बाजेवर आडवे झाले. जेवण बंद केलं. चहा चालू होता.

काकूंनी दोन दिवस हे सोसलं, मग म्हणाल्या, "आवो, तुमी हायसा की चितरात. घरात मोठं कोण? मग वरच्या फांदीवर कोण बसणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा माझ्या दुकानात हजर. स्क्रीनजवळ नाक नेऊन त्यांनी मकावाला खालून वर न्याहाळलं.

"ह्यो का मी?"

"हो आबा."

"खातो काय?"

"फळं, बिया."

"म्हंजी शाकाहारी हाय," आबा म्हणाले. गळ्यात माळ असल्यामुळं त्यांना बरं वाटलं. "शेपूटबी झकास हाय." आणि मला चहा पाजून गेले.

एवढ्यावर भागलं असतं तर ते लग्न कसलं? दुपारी जळोचीहून आबांचे मेहुणे झुंबरराव आले. ह्यात मी कुठला, म्हणाले. त्यांची नजर फिरत फिरत टुकानावर आली आणि हात आपोआप स्वतःच्या नाकावर गेला. "ह्यो कुणाचा ठरलाय?" त्यांनी विचारलं. अजून कुणाचा नाही, असं मी म्हणालो. "ठरवूबी नगा," म्हणाले आणि गेले. संध्याकाळपर्यंत सगळी जळोची त्यांना टुकानराव म्हणू लागली होती.

बायकांनी आपापसात फुलं वाटून घेतली. भिगवणच्या शकुबाई आत्यांच्या वाट्याला कळी आली. "ह्या वयात मी कळी व्हय?" म्हणून त्या माझ्यावरच डाफरल्या. शिवाय भिगवणचा एक तरी पक्षी पाहिजे, पाण्यावरचा रोहित, म्हणजे फ्लेमिंगो टाक, तो बघायला पुण्या-मुंबईची माणसं येतात, असा हुकूम. हमिंगबर्ड नवरा-नवरीचे हे सगळ्यांना मान्य होतं, पण वर उडतोय तो मुलाकडचा का मुलीकडचा हे विचारायला इंदापूरहून मुलाकडच्यांचा फोन आला. मी फोन बंद करून ठेवला. तपकिरी पक्षी मात्र कुणीच मागितला नाही. काकूच म्हणाल्या, "त्यो माझा ऱ्हाऊ द्या. तितं सावली हाय."

स्वरूपाचं सगळ्यांना एकच उत्तर होतं. चित्राला हात लावायचा नाही.

मग आबा परत आले. या वेळी खिशातून गॉगल काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला.

"माऊली, ह्येला नुसता गॉगल घाल. बाकी कायबी नगं. आरं, नुसता पक्षी बघून कोण वळखणार? उद्या कुणीबी म्हणंल, मीच हाय म्हणून."

मी त्यांना नाही म्हणू शकलो नाही. मकावाला गॉगल घातला. खोटं कशाला बोलू, शोभत होता. आबा पोट धरून हसले आणि तेवढ्यात स्वरूपा आत आली. तिनं स्क्रीनकडं बघितलं आणि तिचा चेहरा पडला.

"आबा, त्या बाईनं तो डोळा किती जीव लावून रंगवलाय बघा. आन् त्योच झाकायचा?"

"मग मी कुणाला दिसायचा?"

"तुमी सोता तितं उभं असणार की."

"उभं तर वाजंत्रीबी असत्यात," आबा म्हणाले. गॉगल खिशात घातला. "मी न्हाय येत लग्नाला. त्या पोपटाकडनं कन्यादान करून घे."

एम-एटी चालू व्हायला नेहमीसारखाच वेळ लागला, त्यामुळं त्यांचं रागानं निघून जाणं बरंच लांबलं. तोवर स्वरूपा पाठ करून उभी होती. आवाज गेल्यावर ती स्टुलावर बसली आणि रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "राहू दे गॉगल. चित्र काय, पुन्हा बघायला मिळेल. मला आबा पाहिजेत."

मला भयंकर राग आला. कुणाचा ते नीट सांगता येणार नाही, बहुतेक त्या गॉगलचाच.

सकाळी मशीन चालू करणार एवढ्यात काकूंचा फोन आला. "गॉगल काढ म्हणल्यात. पोर लई रडली म्हणून मीच सांगितलं त्येंनला."

"मग लग्नाला येणार का आबा?"

"त्ये काय बोलंनात. सकाळधरनं बारामतीत कुठं कुठं हिंडत्यात."

लग्न इंदापूर रोडच्या एका मंगल कार्यालयात होतं. फ्लेक्स बांधून झाला तेव्हा मी स्वतः मागं सरकून बघत राहिलो. सगळं स्टेज जंगल झालं होतं. पाहुणे आले की नवरीकडं न बघता आधी स्वतःला शोधत होते. झुंबरराव बरोबर टुकानासमोर उभे होते, तो कुणाला दिसू नये म्हणून. नवरा अविराज मुंडावळ्या बांधून बसला होता. मुहूर्त जवळ आला, भटजी घड्याळ बघू लागले आणि आबांचा पत्ता नव्हता. स्वरूपाची मान सारखी दाराकडं वळत होती. तिच्याकडं बघवत नव्हतं.

आणि एम-एटीचा आवाज आला.

आबा आत आले तेव्हा आधी वाजंत्री थांबली. डोक्याला तांबडाभडक फेटा, त्याचा शेमला पार गुडघ्यापर्यंत. पिवळाधमक सदरा. वर निळं जाकीट, तेही चकाकणारं. डोळ्यांवर गॉगल. मागं काकू तपकिरी साडी नेसून, हसू दाबत. आबा कुणाकडंही न बघता मंडपातून सरळ चालत गेले, स्टेजवर चढले आणि मकावाच्या बरोबर खाली जाऊन उभे राहिले. शेमला मागं नीट सोडला. आता कुणालाही विचारायची गरज नव्हती.

सगळं कार्यालय हसत होतं. स्वरूपा हसत होती आणि रडतही होती.

"चितर बदलायचं न्हाय म्हणलीस," आबा तिला म्हणाले. "मग मीच बदललो."

कन्यादान झालं. काकूंनी आबांच्या हातांना खालून हात लावला होता. मग फोटोला सगळे उभे राहिले आणि फोटोग्राफर म्हणाला, "आबा, तेवढा गॉगल काढा. लाइट चमकतोय."

"डोळं आल्यात माझं," आबा म्हणाले.

गॉगलच्या खालून पाणी पिवळ्या सदऱ्यावर ठिबकत होतं. स्वरूपानं बघितलं. तिनं पदराच्या टोकानं त्यांचे गाल पुसले आणि गॉगल नाकावर पुन्हा नीट बसवला.

"ऱ्हाऊ दे गॉगल," ती फोटोग्राफरला म्हणाली. "लोकांना वळखू यायला पायजे."

फ्लेक्सची एक दोरी ढिली झाल्यासारखी वाटत होती. ती बघायला म्हणून मी मागं गेलो आणि बराच वेळ तिकडंच थांबलो.