पितरांचं पोट

“लाजू नका गुर्जी, अजून दोन घ्या. शुभमच्या बाबाले लय आवडे,” म्हणत मनकर्णाबाईंनी उद्धवगुरुजींच्या पानात आणखी दोन वडे टाकलेच.

पानात आधीच काय कमी होतं? सायीचा पापुद्रा धरलेली गव्हाची खीर, कढी, भजी, आणि नांदगाव खंडेश्वरच्या त्यांच्याच मळ्यातलं वांगं, वर तेलाचा बोटभर थर. सगळं ओलं, सगळ्यावर माशा. गुरुजींनी अजून घास उचलला नव्हता. त्यांना पानातलं अन्न दिसतच नव्हतं, दोन तासांनंतरचं दिसत होतं.

अकोल्याच्या पोटाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं: गाठ नाही, जखम नाही, आतडंच चिडकं आहे. गहू, दूध, चणा-उडीद बंद. पाच आठवडे गुरुजी माणसात आले होते. मग पितृपक्ष लागला. आजचं हे अकरावं घर.

लोक घरं नावाने लक्षात ठेवतात, गुरुजी संडासाने. अमरावतीच्या वकिलांकडे तो बैठकीला लागून, सगळा आवाज बाहेर. केशवरावांकडे कडी पक्की, पण पाणी नाही. इथे गोठ्यामागे, कडीऐवजी सुतळी, आत खताची रिकामी पोती आणि कोपऱ्यात कुणाचं तरी कालचं. विधीआधी ते दोनदा जाऊन आले होते. साबण लावूनही वास बोटांना राहिला होता, आणि याच बोटांनी आता खीर भुरकायची होती.

“काहून थांबले? मीठ कमी हाय का?” शुभमने विचारलं.

“मीठ नाही रे. पोट बरं नाही.”

“ओवा चावा,” मनकर्णाबाईंची जाऊ पार्बताबाई आतून ओरडली. “नाई तं बेलाचा मुरब्बा!”

या पोटावर अमरावतीपासून अकोल्यापर्यंत प्रत्येकाकडे औषध होतं. ‘जेवू नका’ एवढं मात्र अजून कुणी म्हणालं नव्हतं.

“पहिलं पितर हाय बाप्पा,” मनकर्णाबाईंचा आवाज हलला. “शेवटले तीन महिने त्यायच्या पोटात पाणी ठरे ना. वडा मागत मागत गेले. तुमी नाई खाल्ला तं त्यायले कोण देईन?”

सव्वीस वर्षं असंच कुणीतरी विचारायचं, आणि गुरुजी मांड्या आवळून शेवटपर्यंत जेवायचे. ब्राह्मण पानावरून मधेच उठला की श्राद्ध बिघडतं, हे त्यांनीच घरोघर सांगून ठेवलं होतं.

पोट गुरगुरलं. शुभमनेही ऐकलं.

गुरुजींनी हात मागे घेतला. “मनकर्णाबाई, हे खाल्लं तर मी मधेच उठून गोठ्यामागे पळेन. मग तुमच्या शालिकरामभाऊंना वडा पोचला, असं कोणत्या तोंडाने सांगू? माझ्या चुलतभावाला बोलवा, पुष्करला. तो जेवेल.”

“मंग पुढच्या सालीबी तेच येतीन,” शुभम फटकन म्हणाला. “दोन दोन गुर्जी कायले पायजे?”

“तेच येऊ दे.”

पुष्कर अर्ध्या तासात आला. नवं पान मांडलं. त्याने अकरा वडे खाल्ले. खीर मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली, ती त्याने जिभेने वर ओढली. शेजारी उभे राहून मंत्र सांगताना गुरुजींच्या घशाशी आंबट आलं.

“तृप्ताः स्थ?” तृप्त झालात ना, असं त्यांनी विचारलं.

तोंड भरलेलं होतं. पुष्करने मान हलवली आणि ढेकर दिली. मनकर्णाबाई त्या ढेकरेकडे देवाचा कौल मिळाल्यासारख्या बघत राहिल्या. मग पदराने डोळे पुसून त्या पुष्करच्या पाया पडल्या.

सगळं आवरल्यावर त्या ओसरीत आल्या. “तुमी काय खासान?” राग गेला नव्हता.

“भात. मीठ.”

“कोरडा?”

“कोरडाच.”

त्यांनी भाताची ताटली समोर आदळली. उद्धवगुरुजी भिंतीला टेकून सावकाश जेवले, एकेक घास चावून. त्या भातात कुणाचा बाप नव्हता.