जर-तरचा फोन

आमच्या कॉलेजात प्रवेश मिळणं कठीण आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते कठीण राहावं म्हणून आत किती जण राबतात, हे मात्र बाहेर कुणाला ठाऊक नाही. त्या राबणाऱ्यांतली मी एक. प्रवेश विभागात केस पांढरे झाले माझे. आता मला कुणी हुद्द्यानं ओळखत नाही, शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे ‘ताई’च म्हणतात.

कॉलेज लहान आहे. राहणं तिथंच, जेवण तिथंच. लिबरल आर्ट्स म्हणतात तसलं. गणितवाल्याला कविता वाचायला लावतात, कवितावाल्याला बेडूक बघायला लावतात, आणि चार वर्षांनी दोघंही जरा बरी माणसं होऊन बाहेर पडतात. मला हे कॉलेज मनापासून आवडतं. म्हणून तर इतकं डोक्यात जातं.

आमचे साहेब अलीकडचे. वयानं माझ्याहून बरेच लहान, शर्ट नेहमी कडक इस्त्रीचा आणि बोलण्यात एकच विषय, प्रवेशाचा टक्का. पाठीमागे आम्ही त्यांना टक्केसाहेब म्हणतो. शंभर मुलांनी अर्ज केले आणि आपण दहांना जागा देऊ केली, तर टक्का दहा. तो जितका कमी, तितकं कॉलेज भारी. शेजारच्या शहरातल्या कॉलेजचा टक्का नवावर आला, त्या दिवशी साहेबांनी दुपारचा डबा उघडलासुद्धा नाही.

टक्का खाली आणायचा तर एक म्हणजे अर्ज वाढवायचे. त्यासाठी आम्ही गावोगावच्या मुलांना गोड गोड पत्रं पाठवतो, ‘तुमच्यासारख्या मुलांची आम्ही वाट बघतोय’. त्यातल्या निम्म्यांना आम्ही घेणार नाही हे पत्र पाठवतानाच माहीत असतं. पोरं बिचारी हुरळून अर्ज करतात, आम्ही नाही म्हणतो, आणि आमचा भाव वाढतो. दुसरं म्हणजे जागा अशाच मुलाला देऊ करायची, जो नक्की येणार. कारण एखाद्याला जागा दिली आणि तो दुसरीकडे गेला, तरी दिलेली जागा हिशोबात धरली जाते. टक्का उगाच चढतो.

ह्यातूनच साहेबांनी जर-तरचा फोन काढला. उन्हाळ्यात एखादी जागा रिकामी झाली की प्रतीक्षायादीतल्या मुलाला फोन करायचा, पण जागा आहे असं सांगायचं नाही. विचारायचं, “समजा, पुढेमागे जागा निघालीच, तर तुम्ही याल का?” तो तिथल्या तिथे हो म्हणाला, तर मग, “अभिनंदन, जागा तुमची.” हो सोडून दुसरं काहीही म्हणाला की ‘बरं, धन्यवाद’ आणि फोन पुढच्याला. म्हणजे कागदोपत्री आम्ही त्याला कधी काही दिलंच नाही. त्यानं काही नाकारलं नाही. त्याचं काही गेलंही नाही. साहेबांना ह्या युक्तीचा इतका अभिमान की बाहेरच्या परिषदेत त्यावर भाषण ठोकून आले.

यंदा यादीत जिचं नाव पहिलं होतं, त्या मुलीला मी मनातल्या मनात आरशावाली म्हणायचे. तिचा निबंध मीच वाचला होता. आजोबा शिंपी. आई-बाप नाहीत, दुकानाच्या मागच्या खोलीत दोघंच राहतात. निबंधात तिनं आजोबांच्या दुकानातल्या आरशाबद्दल लिहिलं होतं. आरशासमोर उभा राहिला की प्रत्येक माणूस पोट आत घेतो, मग तो वकील असो की हमाल, आणि आजोबा टेप गुंडाळून शांतपणे म्हणतात, ‘श्वास सोडा, नाहीतर कपडा खोटा बसेल.’ एवढ्यावरून ती मुलगी माणसं स्वतःशी कशी खोटं बोलतात, इथपर्यंत पोचली होती. मी तो निबंध वाचला आणि बाजूच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला जबरदस्तीनं वाचायला लावला. कॉलेजसुद्धा टक्क्याच्या आरशासमोर पोट आत घेऊनच उभं आहे, हे मला तेव्हाच दिसलं.

निवडसमितीत मी तिच्यासाठी भांडले. साहेब म्हणाले, “हुशार आहे, पण येईल कशावरून? एकदा कॉलेज बघायलासुद्धा आली नाही.” मी म्हटलं, “दुकान टाकून कोण आणणार तिला?” शेवटी तिला प्रतीक्षायादीत टाकलं. माझ्या समाधानासाठी सगळ्यात वर.

आणि त्या दिवशी सकाळी एका मुलानं परदेशी जायचं ठरवून जागा सोडली. एकच जागा. संध्याकाळी विश्वस्तांची बैठक होती आणि तिथे साहेबांना भरलेला वर्ग आणि एक आकडी टक्का, दोन्ही मांडायचं होतं. दुपारी ते माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. “स्पीकर चालू ठेवा, ताई. तुमचा त्या मुलीवर जीव आहे, म्हणून म्हणतो.”

मी आधी मुलीच्या मोबाइलवर फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. सुट्टीत ती तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवते असं अर्जात होतं. पाण्यात असणार. मग पालक म्हणून आजोबांचा नंबर दिला होता, तो लावला. तिकडे शिवणयंत्राचा आवाज आला आणि थांबला.

मी कॉलेजचं नाव सांगितलं. पलीकडे खुर्ची सरकली. म्हातारा बहुतेक उभा राहिला असावा.

“बोला बाई.”

“आजोबा, तुमच्या नातीबद्दल विचारायचं होतं. समजा, आमच्याकडे पुढेमागे जागा निघालीच, तर ती येईल का?”

आजोबांनी घसा साफ केला आणि दुकानातल्या आवाजात म्हणाले, “बघू. विचार करून कळवतो.”

“आजोबा, तिला यायचंय ना?”

“तसं म्हटलं तर आहे. पण तिला अजून दोन-तीन ठिकाणची बोलावणी आहेत. सगळ्यांचा विचार करायला हवा.”

साहेबांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मला मात्र कळत होतं की कुठलीही बोलावणी नव्हती. तिनं फक्त आमच्याकडेच अर्ज केला होता, तसं स्पष्ट लिहिलं होतं. म्हातारा भाव खात होता. आयुष्यभर गिऱ्हाइकाशी जसं बोलला, तसंच बोलत होता.

“आजोबा,” मी शक्य तितकं सावकाश म्हटलं, “आत्ताच्या आत्ता सांगितलंत तर फार बरं होईल.”

इथेच माझं चुकलं. मी घाई केली, आणि समोरचा घाई करतोय म्हटल्यावर कुठला दुकानदार ढिला पडेल? आजोबांचा आवाज आणखीच भारदस्त झाला.

“बाई, मी कुणालाच लगेच हो म्हणत नाही. लगेच हो म्हटलं की समोरच्याला वाटतं, ह्याच्याकडे काम नाही. माझी नात काही रस्त्यावर पडलेली नाही. संध्याकाळी ती येईल, आम्ही बसून बोलू, आणि मी स्वतः कळवीन.”

“संध्याकाळी उशीर...” मी बोलायला लागले तेवढ्यात साहेबांनी हात लांब करून फोन स्वतःकडे ओढला. “धन्यवाद, कळवा हं,” हे त्यांनीच गोड आवाजात सांगितलं आणि फोन बंद केला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अहो, हो म्हणत होते ते!”

“मला नाही ऐकू आलं.”

“ती त्यांची बोलायची पद्धत आहे. जागा आहे एवढं एक वाक्य सांगू द्या मला. ते आत्ता रडायला लागतील, बघा.”

“आणि त्यांनी नाही म्हटलं तर? दिलेली जागा मोजावी लागेल.” साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. “दोन-तीन बोलावणी आहेत म्हणाले. तुम्हीच ऐकलंत.”

“खोटं आहे ते! सगळा बाजार असंच बोलतो. आपणसुद्धा बोलतोच की. ‘समजा’ काय, ‘पुढेमागे’ काय! आपण खोटं बोललो की धोरण, आणि म्हाताऱ्यानं जरा ऐट केली की जागा गेली?”

“ताई,” साहेब म्हणाले, आणि माणूस लहान मुलाला समजावतो तसा त्यांनी आवाज खाली आणला. “नियम सगळ्यांना सारखा. हो म्हणजे हो. पुढचा नंबर लावा.”

“संध्याकाळपर्यंत थांबा. फक्त संध्याकाळपर्यंत.”

“विश्वस्त थांबणार नाहीत.”

मी मुलीच्या मोबाइलवर आणखी एकदा फोन लावला. साहेब बोटांनी टेबल वाजवत बसले. फोन वाजत राहिला. तिकडे ती कुठल्यातरी पोराच्या पोटाखाली हात धरून त्याला पाय मारायला सांगत असणार, आणि फोन तिच्या पिशवीत, कोरड्या कपड्यांखाली. मला टेबलावरचा फोन उचलून भिंतीवर मारावासा वाटला.

पुढचा नंबर एका मुलाचा होता. फोन त्याच्या वडिलांनी घेतला. “समजा, पुढेमागे...” इतकंच माझ्या तोंडून निघालं, आणि ते म्हणाले, “हो. हो, येणार. आत्ता येऊ का?” हा गृहस्थ वकील होता. जर-तरचा फोन काय असतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. असल्या लोकांना कळतंच. सल्ला द्यायला माणसं ठेवलेली असतात त्यांनी. मुलगा काही वाईट नव्हता, त्याच्यावर माझा राग नाही. पण मी ‘अभिनंदन’ म्हटलं तेव्हा माझा आवाज असा निघाला की वडिलांनी दोनदा विचारलं, “नक्की ना?”

साहेब उठले, माझ्या खांद्यापाशी हवेतच थोपटल्यासारखं केलं आणि आकडे छापायला गेले. मी तशीच बसून राहिले. चहा आला, गार झाला, नेला.

ऑफिस सुटायच्या बेताला फोन आला. मुलीचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. धाप लागलेली होती.

“मॅडम, आजोबांनी सांगितलं तुमचा फोन आला होता म्हणून. मी येणार आहे. म्हणजे मला यायचंच आहे. बाकी कुठलीच बोलावणी नाहीत, ते आजोबा उगीच म्हणाले. तुम्ही रागावू नका त्यांच्यावर.”

मग आवाज अगदी खाली आणून, दुसरीकडे तोंड वळवून बोलावं तशी म्हणाली, “मॅडम, खरं सांगा. जागा होती का? त्यांनी थांबायला सांगितलं म्हणून गेली का? ते दुपारपासून यंत्रावर बसलेच नाहीत. दारात उभे आहेत.”

खरं सांगायचं माझ्या अगदी ओठांवर होतं. दुपारपासून मी दुसरं काही घोकतच नव्हते. जागा होती, तुझीच होती, माझ्या हातात होती, आणि ह्या इस्त्रीवाल्यानं ती काढून घेतली. पण तिच्या कानावर ह्यातलं काय राहिलं असतं? जागा होती आणि आजोबांनी घालवली, एवढंच. टक्का आणि विश्वस्त आणि साहेब तिच्या घरात कुठे राहणार होते? घरात फक्त आजोबा राहणार होते, आणि ती.

“नाही गं,” मी म्हटलं. “जागा नव्हतीच. आम्ही नुसती चौकशी करत होतो. बऱ्याच जणांकडे करतो.”

“खरंच?”

“खरंच. आजोबांमुळे काहीसुद्धा गेलं नाही.”

तिनं मोठा श्वास सोडला. रडली नाही. “थँक्यू मॅडम,” म्हणाली, आणि हे थँक्यू ऐकताना मला स्वतःची इतकी चीड आली की बस्स. मग तिकडे थोडी कुजबुज झाली आणि फोनवर आजोबा आले. आवाजात दुपारचा भारदस्तपणा पुन्हा येत होता, जरा घाईघाईनंच.

“मी हिला तेच सांगत होतो, बाई. उतावीळपणानं हो म्हटलं असतं, तर हसंच झालं असतं की नाही? पुढच्या वर्षी जागा असेल तेव्हा रीतसर विचारा. आम्ही विचार करून कळवू.”

“बरोबर केलंत, आजोबा,” मी म्हटलं.

फोन ठेवला आणि वर बघितलं, तर साहेब दारात उभे. बगलेत फाइल. शेवटचं सगळं ऐकलं असावं त्यांनी, कारण चेहरा खुलला होता.

“फार छान हाताळलंत, ताई. ‘जागा नव्हतीच, नुसती चौकशी होती.’ हे वाक्य पुढच्या वर्षी सगळ्यांना शिकवा. परत फोन करणाऱ्यांचं काय करायचं, हा प्रश्नच सुटला.”

“जागा होती,” मी म्हणाले. आवाज इतका चढला की बाजूच्या टेबलावरची मान वर झाली. “तिची होती.”

पण साहेबांनी तोवर पाठ फिरवली होती. बैठक सुरू व्हायची होती, आणि आकडा एक आकडी आला होता.