कार्याच्या दिवशीचं डोकं

रुद्राणीनं पलंगाखालची कळशी दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढली आणि वरचं फडकं उचलून आत बघितलं. पाणी जसंच्या तसं होतं. घरात कुणालाही न सांगता तिनं ते आदल्या दिवशीच दडवून ठेवलं होतं. उदगिरात त्या उन्हाळ्यात पाण्याची अशी काही तऱ्हा होती की लोक नळाला हात जोडायचे, आणि नळ कुणाला ओळख दाखवायचा नाही. टँकर कधी येईल त्याचा नेम नाही. टँकर आल्याशिवाय आंघोळ नाही, आंघोळ झाल्याशिवाय लिंगपूजा नाही आणि पूजा झाल्याशिवाय तोंडात घास नाही. घास पोटात गेला नाही की रुद्राणीचं डोकं उठलंच म्हणून समजा.

आज ते उठून चालणार नव्हतं. आज धाकट्या लेकीचं, नीलम्माचं कुंकू होतं, साखरपुड्याचं.

घर जागं व्हायच्या आत तिनं आंघोळ उरकली, कपाळाला विभूती लावली, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केली. मग चुलीपाशी बसून दूध-भाकरी खाल्ली. चोर खातो तशी भराभर नाही. एकेक घास चावून, डॉक्टरांनी सांगितलं होतं तशी. लातूरच्या त्या डॉक्टरांनी नाडीबिडी काही बघितली नव्हती. नुसतं विचारलं होतं, डोकं कधी दुखतं? रुद्राणी म्हणाली, कार्य असलं की. त्यावर ते हसले नाहीत, हे तिला फार बरं वाटलं. ते म्हणाले, “बाई, कार्य टाळू नका. त्या दिवशी काय काय होतं ते बघा, आणि ते टाळा.”

तिनं बघितलं होतं. उपास, उन्हाची तिरीप, बँड, रात्रीचं जागरण, आणि या सगळ्यांचा बाप म्हणजे मोगरा. मोगऱ्याचा गजरा शेजारी येऊन बसला की तिच्या डाव्या डोळ्यापुढं चमचम सुरू व्हायची. उन्हात पत्रा चमकावा तशी. आणि थोड्या वेळानं अर्धं डोकं कुणी पाट्यावर ठेवून वाटावं असं व्हायचं.

थोरलीच्या लग्नात तर ऐन अक्षतांच्या वेळी ती मांडवात उलटी करून खाली बसली होती. लोकांच्या जिभेला काय हाड! कुणी म्हणालं भूतबाधा, कुणी म्हणालं मिरगी. ती मिरगी पुढं गावोगाव फिरली आणि नीलम्माच्या आलेल्या स्थळाच्या दारात जाऊन बसली. “मुलीच्या आईला फिटा येतात म्हणं,” एवढं बोलून त्या लोकांनी पाय मागं घेतला होता. नीलम्मा तेव्हा कुणाशी काही बोलली नव्हती. रुद्राणीनं मात्र त्याच दिवशी लिंग हातात घेऊन शपथ घेतली होती, हिच्या कार्यात मी उभी राहीन. उभी म्हणजे उभी.

उजाडता उजाडता तिचे यजमान चन्नबसप्पा बाहेरून आले. त्यांच्या हातात परडी होती, आणि परडी मोगऱ्यानं शिगोशीग भरलेली.

“अवं, मोगरा कामून आणला?” रुद्राणी उठून उभी राहिली. “मी अबोली सांगितलती की.”

“पाव्हण्यांसाठी,” ते तिच्याकडं न बघता म्हणाले. “देगलूरचे लोक. त्यांच्याकडं मोगराच लागतो.”

“माझं काय हुईल?”

“काही होऊ लागलं तर कोठीच्या खोलीत बाज टाकून ठेवलीय. पडदा बी लावलाय. गुपचूप जाऊन पड. आम्ही बघतो सगळं.”

चन्नबसप्पांची मोंढ्यात धान्याची आडत होती. नवा लातूर जिल्हा झाला त्याच आठवड्यात त्यांनी दुकानाच्या पाटीवरचं उस्मानाबाद पुसून लातूर रंगवून घेतलं होतं, आणि आता जावईही नव्या कलेक्टर कचेरीतला मिळत होता. माणूस हवेत होता. तरी बायकोसाठी बाज टाकायचं त्यांच्या ध्यानात राहिलं, याचं रुद्राणीला कौतुक वाटलं. बिचारी! पदरानं नाक दाबून तिनं परडी उचलली आणि पार मागच्या ओसरीत नेऊन ठेवली.

पाहुणे ऊन तापायच्या आत आले. पुरुष बैठकीत बसले, बायका माजघरात. नवऱ्या मुलाची आई शांतम्मा ही चांगली ठसठशीत बाई होती. बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी, आणि सगळंच मोठ्यानं. मुलगी बघायला ही मंडळी अचानक आली होती, त्या दिवशी रुद्राणी नेमकी डोकं बांधून कोठीत पडलेली होती. त्यामुळं ती शांतम्माला आज पहिल्यांदाच बघत होती. हातात हळदीकुंकवाचं ताट आणि साखरेची वाटी घेऊन, विहिणीला भेटायला ती पुढं झाली.

शांतम्मा तिच्या बाजूनं पुढं गेली आणि तिनं नागम्माला मिठी मारली. नागम्मा म्हणजे रुद्राणीची धाकटी जाऊ.

“या विहीणबाई! बऱ्या हाव न्हवं?”

रुद्राणीला हसू आलं. बाईचा घोटाळा झाला, तिला वाटलं. आता नागम्मा म्हणेल, अहो मी नव्हे, ह्या. ती थांबली. पण नागम्मानं खाली मान घालून रुद्राणीच्या ताटातलं कुंकू शांतम्माच्या कपाळाला लावलं, तिच्या तोंडात साखर घातली, आणि विहिणीसाठी घेतलेला खण तिच्या ओटीत टाकला. नागम्माच्या अंगावर हिरवं इरकल होतं. मुलीच्या आईनं नेसायचं म्हणून आणलेलं तेच इरकल, जे सकाळपासून रुद्राणीला कपाटात सापडत नव्हतं.

रुद्राणीनं हातातलं ताट छातीशी धरलं.

“आणि ह्या कोण?” शांतम्मानं विचारलं.

दारातून डोकावणारे चन्नबसप्पा वर फिरणाऱ्या पंख्याकडं बघायला लागले. नागम्मानं इरकलाचा पदर सारखा केला. शेवटी पाटावर बसलेली नीलम्मा बोलली. नवी साडी, डोक्यात मोगऱ्याचा हा एवढा गजरा, आणि आवाज अगदी सरळ.

“त्या माझ्या मोठ्या काकू.”

आई गं! पोटच्या पोरीच्या तोंडून! रुद्राणी तशीच वळली आणि स्वयंपाकघरात गेली. चुलीवर काय शिजत होतं ते तिला दिसलं नाही. मागोमाग चन्नबसप्पा आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

“अगं, ऐक. हळू बोल.”

“मी बोललेच कुठं?”

“तू पडली व्हतीस त्या दिवशी. नागम्मानं चहा दिला, पोहे दिले. त्या बाईला वाटलं हीच आई. आम्ही सांगणार व्हतो, पण ती आपली बोलतच सुटली. मुलीची आई कशी खणखणीत हाय म्हणं, आम्ही कायबाय ऐकलतं ते खोटं निघालं म्हणं. तिथं तोंड कसं उघडायचं, सांग मला. एकदा सुपारी फुटू दे. मग सांगू. मग कोण मोडतंय?”

“मला का न्हाई सांगितलं?”

चन्नबसप्पांनी टोपी काढून पुन्हा घातली.

“आम्हाला वाटलं,” ते म्हणाले, “आज बी तुझं डोकं उठंल.”

रुद्राणी त्यांच्याकडं बघत राहिली. मग सगळं तिच्या ध्यानात आलं. कोठीतली बाज, दाराला लावलेला पडदा, आणि मोगऱ्याची परडी. सगळं घर तिचं डोकं उठायची वाट बघत होतं. आणि ती मुलखाची खुळी, पलंगाखाली पाणी दडवून बसली होती.

“मोगरा त्याच्यासाठी आणला?”

“कसं बोलतीस,” ते म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत.

“अक्का,” दाराबाहेरून नागम्माची हाक आली. आवाज रडवेला होता. “मोठ्या काकूंना कुंकू लावायला बोलावलंय.”

आता जाऊन सांगते, रुद्राणीनं ठरवलं. सगळ्यांच्या देखत सांगते. मी आई. मी वाढवली, मी न्हाऊमाखू घातलं. मोडलं तर मोडू दे स्थळ. तिनं पदर खोचला, ताट उचललं आणि तरातरा माजघरात आली. डोकं तिचं असं स्वच्छ होतं की कोपऱ्यातल्या बायकांची कुजबुजही तिला वेगवेगळी ऐकू येत होती. कार्याच्या दिवशी असं डोकं तिला जन्मात मिळालं नव्हतं.

ती नीलम्मापुढं वाकली. करंगळीशेजारच्या बोटावर कुंकू घेतलं. आणि तिनं मुलीकडं बघितलं.

नीलम्माचा डावा डोळा बारीक झाला होता. चेहरा पांढरा पडला होता, वरच्या ओठावर घाम. हात मांडीवर होते, पण डाव्या हाताचा अंगठा मुठीत घट्ट दाबलेला. रुद्राणी स्वतः तो तसाच दाबायची, कुणाला कळू नये म्हणून. गजरा मुलीच्या मानेवर ओघळला होता. सकाळपासून पोटात काही नव्हतं. टँकर आलाच नव्हता, आंघोळ कशीबशी तांब्याभर पाण्यावर झालेली, आणि खायला वेळ कुणाला होता!

“अव्वा,” ओठ न हलवता नीलम्मानं आईला हाक मारली. इतकं हळू की फक्त वाकलेल्या माणसाला ऐकू जावं. “चमचम करायलंय.”

रुद्राणीचं बोट कपाळावर टेकलं ते तिथंच राहिलं. ही चमचम काय असते हे तिनं घरात कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून कुणाला कळलं असतं? आणि चमचम झाली की पुढं काय होतं, हे तिच्यापेक्षा चांगलं कुणाला ठाऊक होतं. आता थोड्याच वेळात ही पोर सासूच्या मांडीवर उलटी करणार. मग आईसारखीच मिरगी, म्हणतील. मग देगलूरच काय, कुठलंच गाव हिच्यासाठी उरायचं नाही.

कुंकू लावून झालं होतं. ओटी भरली होती. बैठकीत फक्त सुपारी फुटायची राहिली होती, आणि त्याला मुलगी लागत नव्हती.

रुद्राणी सरळ झाली. तिनं हातातलं ताट तसंच खाली पडू दिलं आणि दोन्ही हातांनी आपलं डोकं धरलं. कुंकू सगळ्या फरशीवर सांडलं.

“आई गं! डोकं गं माझं!”

“अगं बया, काय झालं ह्यांना?” शांतम्मा उठून मागं सरकली.

“काही न्हाई, काही न्हाई,” रुद्राणी डोळे मिटून म्हणाली. “माझं असंच असतंय. कार्य म्हटलं की उठतंय. नीलम्मा, चल बाई, मला आत ने. तुझ्याशिवाय कुणी दाबलं तर थांबत न्हाई.”

नागम्मा तिच्याकडं टकामका बघत होती. चन्नबसप्पांचा चेहरा तर बघण्यासारखा झाला होता. नीलम्मा उठली आणि तिनं काकूला आधार दिला. खरं तर काकूनंच तिला दंडाला धरून उचललं होतं. दोघी एकमेकींना धरून कोठीच्या खोलीत गेल्या आणि रुद्राणीनं पडदा ओढून घेतला.

बाज तयारच होती. तिनं नीलम्माला निजवलं, केसांतला गजरा ओढून काढला आणि खिडकीबाहेर फेकला. मुलगी पालथी झाली आणि घमेल्यात ओकली. रुद्राणी बाजूच्या दारानं जाऊन आपल्या कळशीतलं उरलेलं पाणी घेऊन आली. पदराचा शेव भिजवून तिच्या कपाळावर घट्ट बांधला.

“कवापासून?” तिनं कानाशी तोंड नेऊन विचारलं.

“मागल्या दसऱ्यापासून.”

“मला कामून न्हाई सांगितलंस गं?”

नीलम्मा रडायला लागली. रडली की जास्त ठणकतं, म्हणून रुद्राणीनं तिच्या डोळ्यांवर हात ठेवला.

“तुला लोक काय म्हणतेत ते ऐकलंय मी,” नीलम्मा म्हणाली. “मला भ्या वाटलं. मघाशी बी भ्या वाटलं, अव्वा.”

“गप. बोलू नको.”

बैठकीत सुपारी फुटल्याचा आवाज आला. पुरुष हसले, कुणीतरी साखर वाटा म्हणून ओरडलं. मग पडद्याच्या पलीकडून शांतम्माचा आवाज आला. हळू बोलणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

“ह्याच का त्या? आमच्या कानावर आलतं बगा, ह्या घरात एका बाईला असलं हाय म्हणून. चुलतीच निघाली म्हणायची. रक्ताची न्हाई, सुटलो बाई! आईला असतं तर आम्ही उंबरासुद्धा चढलो नसतो.”

“हाव,” नागम्मा म्हणाली. आणि थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, “हाव.”

बाजेवर नीलम्माच्या तोंडून हुंदका निसटला आणि मागोमाग कण्हणं. पडद्यापलीकडचं बोलणं थांबलं.

रुद्राणीनं मुलीचं तोंड आपल्या पोटाशी दाबून धरलं. मग तिनं मान वर केली, आणि बाहेर नीट ऐकू जाईल अशा बेतानं स्वतः कण्हायला लागली.