दोन पेडलची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे, आणि मला क्लच नाही. ऐकून हसलात ना? सगळेच हसतात. एकोणीस वर्षांपूर्वी मी कारखान्यातून बाहेर पडले, तेव्हा शोरूममध्येही लोक खाली वाकून दोनच पेडल बघायचे आणि हे बायकांचं खेळणं म्हणून पुढे जायचे.

दत्तात्रेयजी मात्र पुढे गेले नाहीत. गंगाकाठच्या पंचगंगा घाटाजवळच्या गल्लीत राहणारे हे वेदपाठशाळेचे गुरुजी. त्यांची मुलगी हिमानी हिचा डावा पाय लहानपणीच्या आजारात लुळा पडला होता. क्लच दाबणं तिला जमणारं नव्हतं. उजवा पाय मात्र खणखणीत होता. ती माझ्यात बसली, गिअरचा दांडा D वर, म्हणजे पुढे जायच्या खुणेवर ओढला आणि आम्ही दोघी सुटलो! त्या दिवसापासून तिला कुणी पोहोचवायला लागलं नाही. गंगेपलीकडे पडाव वस्तीतल्या शाळेत ती शिकवते, आणि राजघाटचा पूल रोज आम्ही दोघीच चढतो.

गल्लीत मी मावत नाही, म्हणून मैदागिनजवळच्या हात्यात, म्हणजे मोकळ्या आवारात, उभी असते. दर गुरुवारी गुरुजी गंगास्नान करून ओलेत्या केसांनी यायचे, माझ्या बॉनेटवर झेंडूचं फूल ठेवायचे. मग पाणी, इंजिनाचं तेल आणि गिअरबॉक्सचं तेल, सगळं बघायचे. पूजेआधी मला सुरू करायचं नाही, असा त्यांचा नेम. गिअरबॉक्सची डिपस्टिक पुसून, बुडवून, उन्हात धरायचे आणि समाधानाने मान हलवायचे. या कौतुकाने मी फुलून जायचे.

यंदाच्या थंडीत माझं बिनसलं. D वर टाकलं की मी चार आकडे मोजेपर्यंत जागची हलेना, मग एकदम हिसका. एका सकाळी तर पुलाच्या चढावर इंजिन नुसतं गुरगुरलं आणि चाकांना जोरच मिळेना. मागे हॉर्नचा कल्लोळ. मित्रांनो, मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

लल्लन मिस्त्री आला. तेल तर काठोकाठ आहे, मी दर गुरुवारी बघतो, असं गुरुजींनी ठासून सांगितलं. लल्लनने बंद इंजिनावरच डिपस्टिक ओढली. खरंच, खुणेपर्यंत भिजलेली!

"दीदी, गिअरबॉक्स गया समझिए," तो म्हणाला.

मुलीच्या जिवाला धोका नको म्हणून गुरुजींनी त्याच दिवशी कबाड्याला, म्हणजे भंगारवाल्याला, शब्द दिला. शनिवारी अकराला तो मला ओढून न्यायला दोरखंड घेऊन येणार होता. मी गेले की हिमानीला पुन्हा कुणाची तरी वाट बघत बसावं लागणार, हे आम्हा दोघींना कळत होतं.

शनिवारी ती कागदपत्रं काढायला आली. डॅशबोर्डच्या कप्प्यात तळाशी कारखान्याने दिलेलं माझं माहितीचं पुस्तक होतं, एकोणीस वर्षांत कुणी न उघडलेलं. ती सहज चाळू लागली आणि मध्येच थबकली. मग घाईघाईने तिने फोन लावला, "लल्लनभैया, अभी आइए. ग्यारह से पहले."

आधी ती मला वीस मिनिटं रस्त्यावर फिरवून तापवून आली. मग इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून तिने दांडा एकेका गिअरवरून फिरवला आणि परत P वर, म्हणजे उभं राहायच्या खुणेवर आणला. गुरुजी कुरकुरले, की चालू गाडीचं तेल कुणी बघतं का?

"बाबा, पुस्तकात हेच लिहिलंय. इंजिन बंद केलं की वरचं तेल खाली उतरतं आणि कमी असूनही पुरेसं दिसतं."

लल्लनने डिपस्टिक ओढली. टोक जेमतेम ओलं! त्याने थेंब हुंगला. तेल अजून लाल होतं, जळका वास नव्हता. म्हणजे आतून मी धडधाकट होते! तो लगेच माझ्याखाली सरपटला आणि ओरडला, "मिल गया, दीदी!" रेडिएटरकडे जाणारा तेलाचा पाइप सांध्यावर पाझरत होता.

तेवढ्यात कबाडी दोरखंड घेऊन हजर. गुरुजींनी त्याला चहा दिला आणि थांबायला सांगितलं. लल्लन मोटारसायकलवरून नवा पाइप आणि नेमकं पुस्तकात लिहिलेलं तेल घेऊन आला. पाइप बसला. मग थोडं तेल ओतायचं, मोजायचं, पुन्हा ओतायचं. माझा जीव नुसता वरखाली होत होता. शेवटी हिमानीने दांडा D वर ओढला, आणि मी तत्क्षणी पुढे झाले!

कबाडी हसत दोरखंड गुंडाळून गेला. गुरुजी तिच्या शेजारी बसले. पुलाचा चढ आला. त्यांनी डोळे मिटले, मी दम धरला, आणि एकही हिसका न देता आम्ही वर! हिमानी मोठ्याने हसली. गुरुजींनी डोळे उघडले तेव्हा खाली गंगा चमकत होती.

"चूक माझी होती, हिमा," ते म्हणाले. "शिक्षा हिला होणार होती."

मित्रांनो, जुनं झालेलं भंगारात काढण्याआधी एकदा त्याचं पुस्तक उघडा. उभ्या गाडीकडे बघून निकाल देऊ नका. ती चालत असताना तिला काय कमी पडतं, ते बघा. आता गुरुवारी गुरुजी ओलेत्या केसांनी येतात आणि फूल हातातच धरून उभे राहतात. हिमानी आधी मला सुरू करते.